डबस्टेपवर नाचायचं की ते ऐकायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही नागपुरात इंजिनिअरिंगला आहात. बेसा रोडवरच्या एका लॉनवर मित्राच्या बहिणीच्या संगीतात तुम्ही मध्येच पंधरा-वीस मिनिटं डबस्टेप, म्हणजे जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, लावलं. जे ट्रॅक हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा येतो, त्याच ट्रॅकवर तिथला फ्लोअर रिकामा झाला. एक जण येऊन म्हणाला, "हे ऐकायचं म्युझिक आहे बे, नाचायचं नाही." तो बरोबर बोलला का, आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये डबस्टेप पुन्हा लावावं की नाद सोडावा, असं तुम्ही विचारता.

माझं उत्तर: डबस्टेप नाचण्यासाठीच बनलं. ऐकण्यातही ते फार मोठं संगीत आहे, पण ती खोली त्याला नाचाच्या फ्लोअरवरूनच मिळाली. तुमच्या लॉनवर जे वाजलं ते मात्र बहुधा अर्धंच डबस्टेप होतं, आणि अर्ध्या डबस्टेपवर कोणीच नाचू शकत नाही.

मी नागपुरात साऊंड लावतो आणि डीजे म्हणून वाजवतोही. लग्नं, गॅदरिंग, मिरवणुका, अधूनमधून छोट्या हॉलमधले रात्रीचे कार्यक्रम असं माझं काम. त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी बघतो: ट्रॅक काय मागतो, आणि समोर मांडलेली सिस्टीम काय देऊ शकते. कोणते ट्रॅक लावले होते, सब (खालचा बेस देणारे सबवूफर) किती आणि कुठे ठेवले होते, गर्दी कोणत्या वयाची होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तर बरंचसं यावर अवलंबून आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट ठेक्याची. डबस्टेपचा वेग साधारण 140 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 140 मात्रा, असतो. हाउस, म्हणजे प्रत्येक मात्रेवर किक असलेलं क्लबमधलं संगीत, 120 ते 128 च्या आसपास चालतं, म्हणजे आकड्यात डबस्टेप जास्त वेगवान. तरी कानाला ते संथ लागतं, कारण चार मात्रांच्या बारमध्ये मोठा स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) एकदाच पडतो, तिसऱ्या मात्रेवर. पहिलीवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), तिसरीवर स्नेअर आणि मधे बरीचशी मोकळी जागा. एका स्नेअरपासून दुसऱ्या स्नेअरपर्यंत सुमारे 1.7 सेकंद जातात. तेवढ्या वेळात हाउसमध्ये किक तीन-चारदा पडून गेलेली असते. याला हाफ टाइम म्हणतात. शास्त्रीय संगीत ऐकत असाल तर चटकन लक्षात येईल: ठेका ठाय लयीत चालला आहे आणि त्याच आवर्तनात हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) दुगुणीत, बेस कधी तिगुणीत बोलतो आहे.

त्यामुळे नाचणाऱ्यापुढे एकाच वेळी दोन लयी असतात. 70 ची लय धरली तर मान, खांदे, गुडघे हलतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. 140 ची धरली तर पाय हाय-हॅटबरोबर भराभर चालतात. ज्यांना या संगीतावर नाचता येतं ते या दोन्हींमध्ये ये-जा करतात, चार बार इकडे, चार बार तिकडे. माझ्या मते डबस्टेपची खरी मजा यातच आहे. हाउस तुमच्यासाठी पाऊल ठरवून देतं, डबस्टेप ते तुमच्यावर सोपवतं. पण ज्याला प्रत्येक मात्रेवर किक ऐकून पाऊल टाकायची सवय आहे त्याला पहिल्यांदा वाटतं की गाणं थांबलंच आहे. तो उभा राहतो आणि मग पाणी प्यायला निघून जातो.

आता ती मोकळी जागा. ती खरं तर मोकळी नसते, तिथे बेस काम करत असतो. ज्याला आपण वॉबल म्हणतो त्यात सिंथच्या फिल्टरला एक एलएफओ, म्हणजे हळू झुलणारा सिग्नल, जोडलेला असतो. त्याच्या आंदोलनाबरोबर फिल्टर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. या उघडण्या-मिटण्याचा वेग टेम्पोला बांधलेला असतो: एका मात्रेत दोनदा, तीनदा, चारदा. चांगला निर्माता तो वेग ओळीओळीला बदलतो. आधी सरळ दोन, मग अचानक तीन, मग एक लांबलचक सूर आणि स्नेअरच्या आधी एक हिसका. म्हणजे डबस्टेपमध्ये ड्रम फक्त चौकट आखतात, आतला ठेका बेस वाजवतो. आणि बेस नीट पोचला नाही तर समोरच्याला ऐकू येते ती नुसती चौकट, 1.7 सेकंदांनी पडणारा एकेक स्नेअर. तुमच्या लॉनवर बहुधा हेच झालं.

2014 मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेलं एक संशोधन इथे आठवतं. लोकांना वेगवेगळ्या प्रमाणात आघात चुकवणारे ड्रमचे तुकडे ऐकवून विचारलं होतं की कशावर नाचावंसं वाटतं. फार सरळ ठेक्यावर कमी, फार तुटक ठेक्यावरही कमी, आणि मधल्यावर सर्वांत जास्त, असं उत्तर आलं. ते डबस्टेपबद्दल नव्हतं, पण मला त्यातून एक गोष्ट पटली. बेससकट डबस्टेप त्या मधल्या टप्प्यात बसतं. बेस काढून घेतला की उरतं ते शरीराला धरायलाच काही न देणारं.

ही रचना अशी का झाली, हे समजायला ते जिथे घडलं त्या खोल्या बघाव्या लागतात. दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये 2000 च्या आसपास यूके गराज या तिथल्या क्लब संगीताच्या काळोख्या बाजूने काही पोरं वेगळं काही करू लागली. बिग ॲपल रेकॉर्ड्स नावाच्या दुकानाभोवती हॅचा, स्क्रीम, बेंगा ही डीजे आणि ट्रॅक बनवणारी मंडळी जमली. 2001 पासून लंडनमध्ये फॉरवर्ड ही क्लबनाइट सुरू झाली आणि पुढे ती शोरडिचच्या प्लास्टिक पीपल या तळघरात भरू लागली. जागा छोटी, जवळजवळ अंधारी, आणि साऊंड सिस्टीम मात्र अव्वल. 2005 मध्ये माला, कोकी, लोएफा यांनी ब्रिक्स्टनला डीएमझेड ही क्लबनाइट सुरू केली. तिचं ब्रीद होतं, "या, बेसच्या वजनावर ध्यान लावा." हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते नाचायला बोलावतानाच ध्यान लावायला सांगतं. त्या अंधारात लोक स्टेजकडे बघत नसत. डोकं खाली, डोळे मिटलेले, शरीर बेसबरोबर झुलतंय. तिथे कोणाला विचारलं असतं की तू नाचतोस की ऐकतोस, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

आणखी एक गोष्ट. त्या काळात नवीन ट्रॅक थेट बाजारात येत नसे. आधी त्याची डबप्लेट कापली जाई, म्हणजे एकच प्रत असलेली रेकॉर्ड, थोड्या वेळा वाजवली की झिजणारी. ती क्लबमध्ये मोठ्या सिस्टीमवर वाजवून बघायची. ट्रॅक लागला तर लोक ओरडून, भिंतीवर हात आपटून तो परत मागायचे, डीजे रेकॉर्ड मागे फिरवून पहिल्यापासून लावायचा. जे तिथे चाललं नाही ते घरी जाऊन बदलायचं. ही पद्धत जमैकाच्या साऊंड सिस्टीमची. किंग्स्टनहून लंडनला गेलेल्या लोकांनी ती सोबत नेली: स्वतःचे कॅबिनेट स्वतः बांधायचे, स्वतःचे खास ट्रॅक कापून आणायचे, दुसऱ्या सिस्टीमला आव्हान द्यायचं. आपल्याकडचे डीजेवाले कॅबिनेट बनवून घेताना जी चुरस करतात ती ज्याने बघितली आहे त्याला ही संस्कृती परकी वाटायची नाही. मुद्दा असा की हे संगीत फ्लोअरवर तपासून, फ्लोअरच्या मंजुरीने बनत गेलं. त्याला फक्त ऐकायचं संगीत म्हणणं त्याच्या जन्मावर अन्याय आहे.

आता सबवर येतो. यात मी जरा रमणार आहे, कारण माझं काम हेच आणि तुमची अडचणही इथेच.

डबस्टेपचा मूळ बेस बहुतेक वेळा 30 ते 90 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. 40 हर्ट्झच्या एका लाटेची हवेतली लांबी सुमारे साडेआठ मीटर होते. एवढा आवाज तयार करायला स्पीकरचा मोठा कोन (हलणारा पडदा), मोठं कॅबिनेट आणि भरपूर पॉवर लागते. शिवाय आपला कान या पट्ट्यात मंद आहे, मधल्या पट्ट्यातल्या आवाजाइतका तो मोठा वाटावा म्हणून कितीतरी जास्त डेसिबल द्यावे लागतात. फोनचा स्पीकर हा पट्टा देऊच शकत नाही. तिथे वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) मेंदू खालच्या सुराचा अंदाज बांधतो, म्हणून चाल कळते पण वजन कळत नाही. चांगल्या हेडफोनवर हा बेस कानाला पूर्ण ऐकू येतो, मात्र छातीला, पोटाला, तळपायांना लागत नाही. तुम्हाला हेडफोनवर अंगावर काटा येतो तो खराच आहे. फक्त फ्लोअरवर या संगीताने जे करायचं असतं, ते वेगळं आहे.

त्या वेगळेपणाचा एक चांगला पुरावा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लाइव्हलॅब या सभागृहात ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक जोडीचा कार्यक्रम झाला. संशोधकांनी 8 ते 37 हर्ट्झ देणारे खास स्पीकर लावले आणि कार्यक्रम चालू असताना ते थोड्या-थोड्या वेळाने चालू-बंद केले. काही प्रेक्षकांच्या डोक्याला पट्ट्या लावून त्यांची हालचाल मोजली. तो खोल आवाज चालू असताना लोक सुमारे 12 टक्के जास्त हलले. आणि तो आवाज चालू आहे की बंद, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. हे 2022 मध्ये करंट बायॉलॉजी या नियतकालिकात छापून आलं. ज्याचं भानही नाही असा बेस माणसाला नाचवतो! मोठ्या सिस्टीमजवळ उभं राहून जे कायम वाटत आलं त्याला मापाने दुजोरा मिळाला, याचा मला फार आनंद झाला होता.

मग लॉनवर काय होतं? हॉलमध्ये भिंती आणि छत खालच्या पट्ट्याला आधार देतात. लॉनवर तो आधार जातो, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. त्यात आपल्याकडे सब स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकाला एकेक किंवा दोन-दोन ठेवायची पद्धत. दिसायला छान, पण दोन्हीकडून येणाऱ्या लाटा मध्यरेषेवर जुळतात आणि बाजूला सरकलं की एकमेकींना खातात. मधोमध उभ्या माणसाला बेस मिळतो, चार पावलं बाजूला असलेल्याला जवळजवळ काहीच नाही. वर लग्नासाठी येणारे बहुतेक सब 50-60 हर्ट्झच्या वर ठोका मारण्यासाठी लावलेले असतात. हिंदी-पंजाबी गाण्यांना तेवढं पुरतं, कारण त्यांच्या ढोल-किकचा धक्का तिथेच असतो. डबस्टेपचा अर्धा बेस त्याच्या खाली राहतो.

पॉवरचीही एक अडचण आहे, जी नवीन मुलांच्या लक्षात येत नाही. किक एक झटका देऊन थांबते, ॲम्पला आणि जनरेटरला मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. डबस्टेपमधला सब-बेस सेकंद-सेकंद सलग चालतो. किकवर मजेत चालणारी सिस्टीम त्या सलग सुरावर दम तोडते, लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारं यंत्र) दाबून धरतो, व्होल्टेज खाली येतं आणि बेस नेमका त्या वेळी मरतो जेव्हा तो सगळ्यात जास्त हवा असतो. कितीतरी कार्यक्रमांत मी हे बघितलं आहे. ट्रॅकचा ड्रॉप, म्हणजे सगळा बेस एकदम कोसळायचा क्षण, येतो, पोरं हात वर करतात आणि समोरून काहीच येत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग परदेशातल्या फेस्टिव्हलमध्ये उघड्या मैदानात हजारो लोक डबस्टेपवर उड्या कशा मारतात? त्याला दोन उत्तरं. एक, तिथे सबची भिंतच्या भिंत उभी असते. दुसरं, ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं डबस्टेप असतं. 2006-07 नंतर रस्को, कास्पा यांच्या ट्रॅकमध्ये बेस वरच्या पट्ट्यात चढू लागला, जास्त खरखरीत, जास्त बोलका झाला. 2010 मध्ये स्क्रिलेक्सचा स्कॅरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स आला आणि 2012 च्या ग्रॅमीत स्क्रिलेक्सला तीन पुरस्कार मिळाले. या प्रकारात वजन मधल्या पट्ट्यात असतं. गुरगुरणं, किंचाळणं, धातू घासल्यासारखा आवाज. तो लॅपटॉपवरही कळतो, लॉनवरच्या सिस्टीमवरही कळतो. बांधणीही वेगळी: ताण वाढवत नेणारा बिल्डअप, क्षणभर शांतता, ड्रॉप. लोक ड्रॉपची वाट बघतात, तो आला की उड्या मारतात, डोकी हलवतात, मग पुढच्या ड्रॉपपर्यंत दम खातात.

जुन्या मंडळींनी याला ब्रोस्टेप म्हणून हिणवलं. मला ते हिणवणं पटत नाही. त्यावर पोरं जीव तोडून नाचतात आणि नाच म्हणून तो पूर्ण खरा आहे. मात्र तो सलग चालत नाही, तुकड्या-तुकड्यांत चालतो. दहा मिनिटांत तो सगळ्यांना पेटवतो, चाळीस मिनिटांत सगळ्यांना थकवतो. जुन्या प्रकारावर रात्रभर झुलता येतं, पण त्याला सब हवाच. तुम्ही या दोनपैकी काय लावलं होतं, यावर लॉनवरचा निकाल ठरला असणार. जुना प्रकार लावला असेल तर सिस्टीमने घात केला. नवा लावला असेल तर तो सलग वीस मिनिटं लावणं त्या गर्दीला जड गेलं.

गर्दीबद्दलही बोललं पाहिजे, कारण नागपूरच्या नाचणाऱ्याला कमी लेखून चालणार नाही. आपल्याकडे बेस अंगावर घेऊन नाचायची सवय जुनी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत इतवारी-महालाच्या गल्ल्यांमध्ये उभं राहून बघा. किंवा कोणत्याही वरातीत धुमालच्या मागे चाला. ताशा, ढोल, पॅड, कीबोर्ड असा सगळा गोतावळा गाडीवर चढवलेला, आणि मागे घामाने निथळलेली माणसं तासन्‌तास नाचताहेत. पण धुमालचा ठेका भरलेला असतो. एकही मात्रा रिकामी सुटत नाही, ताशाची तिरकिट प्रत्येक फट बुजवून टाकते. शरीराला सतत काहीतरी धरायला मिळतं. असल्या भरगच्च ठेक्यावर वाढलेल्या माणसाला हाफ टाइमची मोकळी जागा पहिल्या भेटीत अनोळखी वाटणारच. त्याला बेस नको असतो असं अजिबात नाही, त्याला बेसबरोबर वरचे ठोकेही हवे असतात.

याच कारणाने न्यूक्लिया या भारतीय इलेक्ट्रॉनिक कलाकाराचं संगीत आपल्याकडे चाललं. 2015 च्या बास रानीसारख्या कामात खाली जड बेस आहे आणि वर देशी तालवाद्यं आणि ओळखीचे आवाज आहेत. पायांना त्या तालवाद्यांवर चालता येतं, छातीला बेस मिळतो. हाफ टाइमची ओळख करून द्यायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

राहिली ऐकण्याची बाजू. ती मी दुय्यम मानत नाही. बरिअल या ब्रिटिश कलाकाराचा अनट्रू हा 2007 चा अल्बम घ्या. 2008 च्या मर्क्युरी या ब्रिटिश संगीत पुरस्काराच्या नामांकनात तो होता. हा माणूस लोकांसमोर येऊन वाजवत नाही. त्याच्या ट्रॅकमध्ये पावसाचा, रेकॉर्डच्या खरखरीचा आवाज, तुटक गाणारे गळे आणि जरा डगमगते ड्रम आहेत. त्यावर गर्दी नाचवायचा प्रयत्न मी कधी करणार नाही. पण ते संगीत एकट्याने ऐकताना जो फ्लोअर डोळ्यांसमोर उभा राहतो, तो डबस्टेपच्याच कुळातला. क्लबमध्ये शिकलेली मोकळी जागा आणि बेसचं वजन त्याने घरी आणलं. नाच आधी झाला म्हणूनच ऐकण्यात एवढी गंमत आली, असं मी म्हणतो ते यासाठी.

ऐकण्याबद्दल एक इथली, साधी सूचना. नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू असतो आणि त्याची घरघर खालच्या पट्ट्यातच असते. त्यात डबस्टेपचे हळू भाग आणि खोल सूर बुडून जातात. मग माणूस आवाज वाढवतो, कानाला त्रास होतो आणि बेस तरी सापडत नाही. असलं संगीत हिवाळ्यात रात्री ऐका, कान झाकणारे बंद हेडफोन लावून, आवाज मध्यम ठेवून. उन्हाळ्यात ऐकायचंच असेल तर निदान तेवढा वेळ कूलर बंद ठेवा.

इथपर्यंतचं सांगायचं तर: डबस्टेपचा ठेका बेसमध्ये राहतो. बेस अंगाला लागला तर ते नाचाचं संगीत आहे, फक्त कानाला मिळाला तर ऐकण्याचं, आणि दोन्हीकडे पोचला नाही तर काहीच नाही. समोरच्या माणसाला मोकळ्या जागेत हलायची ओळख आहे का, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता गॅदरिंग. माझं मत स्पष्ट आहे, जरूर वाजवा, पण तयारीने.

जागा निवडायचं हातात असेल तर उघड्या मैदानापेक्षा हॉल मागा आणि मोठ्यापेक्षा लहान. प्रकाश कमी ठेवायला सांगा. हे डबस्टेपसाठी नुसतं सजावटीचं काम नाही. हाफ टाइमवर पहिल्यांदा हलणाऱ्याला आपण कसे दिसतो याची लाज वाटते, अंधारात ती जाते. फ्लोअर भरायला एवढ्यानेही खूप फरक पडतो.

साऊंडवाल्याशी आदल्या दिवशीच बोला. "भाऊ, सब किती खाली जातात?" असं सरळ विचारा. चांगला माणूस आकडा सांगेल. दोन्ही बाजूंचे सब उचलून स्टेजसमोर मधोमध, जमिनीवर, एकमेकांना चिकटून ठेवायची विनंती करा. दोन सब असे जवळ आले की मिळून 6 डेसिबलपर्यंत वाढ मिळते, आणि बाजूच्या लोकांचा बेस खाल्ला जात नाही. सबचा सिग्नल मोनो (डावा-उजवा एकच) असू द्या. 30 हर्ट्झच्या खालचं हायपास फिल्टरने कापून टाका, कारण अशा सबमधून ते नीट ऐकू येणार नाही, पण कोनची हालचाल आणि ॲम्पची पॉवर मात्र खाईल. मग 100 पासून 30 हर्ट्झपर्यंत उतरणारा एक साधा सूर लावून हॉलभर चाला. सूर कुठे गायब होतो ते बघा. 45 च्या खाली काहीच उरत नसेल तर जुने, खोल ट्रॅक त्या रात्री लावू नका. मधल्या पट्ट्यातले लावा. हे आधी कळणं आणि भर फ्लोअरवर कळणं यात फार फरक आहे.

सेटमध्ये डबस्टेप कुठे बसवायचं, यावर निम्मं यश आहे. जोरात चाललेल्या हिंदी गाण्यावरून थेट त्यावर उडी मारू नका. ज्या हिपहॉपचा वेग 70 च्या आसपास आहे, तिथून 140 वर न कळत जाता येतं, कारण मान आधीच त्या लयीत हललेली असते. दुसरी वाट गराजची, 130 ते 138 च्या ठेक्यावर पाय चालते करायचे आणि मग हळूच हाफ टाइममध्ये उतरायचं. तिसरी वाट मला इथे सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे: ढोल-ताशाचा एक लूप 140 वर बांधून पहिले काही बार डबस्टेपच्या वर चालू ठेवायचा. पाय ताशावर चालू लागतात, छाती बेस ओळखू लागते. मग लूप हळूहळू कमी करत काढून घ्यायचा. तो गेल्यावरही लोक हलत राहिले तर काम झालं. नाही राहिले तर लूप परत आणायचा, त्यात कमीपणा नाही.

पहिल्या वेळी आठ-दहा मिनिटं पुरे. पुन्हा गर्दीच्या ओळखीच्या गाण्याकडे या आणि रात्रीच्या उत्तरार्धात परत एकदा जा. दुसऱ्या खेपेला फ्लोअर पहिल्यापेक्षा लवकर पकड घेतो.

आवाजाची मर्यादा गांभीर्याने घ्या. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकारने सवलत दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडले तर नियम पक्का आहे. बंद हॉलमध्येही खालचा बेस भिंतीतून बाहेर जातो. आणि एक लक्षात ठेवा: मोजणी सहसा ए-वेटिंग या मापाने होते, त्यात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबल कमी धरला जातो. मीटरवरचा आकडा बरा दिसतो आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीची काच थरथरत असते. म्हणून मीटरवर भरवसा न ठेवता चेक करताना एकदा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहा. स्वतःच्या आणि मित्रांच्या कानांसाठी इअरप्लग ठेवा. 100 डेसिबलजवळच्या आवाजात पंधरा मिनिटांत दिवसभराचा सुरक्षित वाटा संपतो. चांगल्या सिस्टीमवर इअरप्लग लावूनही बेस अंगाला तेवढाच लागतो, कारण तो कानातून थोडाच आणि शरीरातून बराच येतो.

लॉनवरच्या संगीतात पुन्हा बोलावणं आलं तर सिस्टीम बघून ठरवा. सब मधोमध आणता आले नाहीत तर तिथे न्यूक्लियाच्या धाटणीचे, तालवाद्यं असलेले दोन-तीन ट्रॅक पुरेत. बाकीचं गॅदरिंगच्या हॉलसाठी राखून ठेवा.

हॉलची लांबी-रुंदी, सबचं मॉडेल आणि तुम्ही लावणार असलेल्या ट्रॅकची यादी कळवलीत तर क्रॉसओव्हर (सब आणि वरचे स्पीकर यांच्यातली सीमा) कुठे ठेवायचा आणि कोणता ट्रॅक आधी, कोणता नंतर, ते त्यावरून सांगतो.